मैदानावरील आकस

वरूडच्या संत्र्यांच्या मुलखातून शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणास अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, म्हणजे वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांचे प्रदर्शन घडविणारी संस्था, आपल्याच जिल्ह्यात लाभली आहे. आणि व्यायामाची एवढी थोर परंपरा ज्या वऱ्हाडात नांदते, तेथे तरी स्थूल मुलाकडे शिक्षक कोणत्या दृष्टीने पाहतो, हे तपासले जावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

न्यूझीलंडमधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांत स्थूल व्यक्तींविषयीचा सुप्त आकस मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांहून अधिक, आणि तिसऱ्या वर्षात पहिल्या वर्षापेक्षाही तीव्र आढळला. आनुवंशिकता, आहार, आजार, घरची परिस्थिती यांपैकी कशाचाही विचार न करता मुलास आळशी ठरविले, की शिक्षकाची अपेक्षा घटते, खेळात त्याची वर्णी शेवटी लागते, आणि अपमानाच्या भयाने ते मूल मैदानच टाळू लागते. ज्याला व्यायामाची निकड, तोच त्यातून बेदखल होतो.

आखाड्यात भारदस्त देहाचा सन्मान करणाऱ्या आपल्या समाजाने कवायतीत त्याच देहाची हेटाळणी सोसावी, हे मला अन्यायाचे वाटते. वजन चारचौघांत पुकारू नये, संघनिवड मुलांच्या मर्जीवर सोडू नये, आणि प्रत्येकाची प्रगती त्याच्याच मागील कामगिरीशी ताडून पाहावी, एवढी तजवीज कोणत्याही शाळेस करता येईल.