लाकडाचे म्हणूनच टिकलेले चर्च

इंग्लंडच्या श्रॉपशायरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळ, व्हर्नवी नदीच्या अगदी काठावर मेल्व्हर्ली गावाचे सेंट पीटर्स चर्च उभे आहे. ओकची काळी चौकट, मधे पांढऱ्या कुडाच्या भिंती आणि आत लाकडी पडद्यांनी पाडलेले तीन भाग, एवढाच त्याचा पसारा. लाकडाची ही वास्तू सहा शतके कशी टिकली, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते. माझ्या मते ती लाकडाची आहे म्हणूनच टिकली. पुराच्या मऊ मातीवर दगडी भिंतीचा भार पेलणे कठीण. पाया जरा खचला की भिंतीला तडा जातो. इथे एका तुळईचे टोक तासून दुसरीच्या खाचेत बसवले आहे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकली आहे. असा सांधा थोडा हलतो, पण निखळत नाही. पश्चिमेकडचा सज्जा कललेला दिसतो, तरी उभा आहे.

यावर सहज सुचणारा आक्षेप आगीचा. इथले आधीचे चर्च १४०१ मध्ये वेल्श नेता ओवेन ग्लिंडूरच्या बंडात जळाले असे सांगतात. पण १४०६ मध्ये ते पुन्हा बांधताना गावाने लाकूडच निवडले, आणि ती निवड मला शहाणपणाची वाटते. दगडी चर्चचे छपरही लाकडाचेच असे. आग त्यालाही सोडत नसे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १८७८ मध्ये मोठा जीर्णोद्धार झाला, मग यात मूळचे उरले किती? उत्तर बांधणीतच आहे. भार चौकट वाहते, कूड नव्हे. त्यामुळे कूड लिंपता येतो, कुजलेला तुकडा बदलता येतो आणि बाकीचा सांगाडा जागचा हलत नाही. अशी दुरुस्ती हा या बांधणीचाच भाग आहे, तिला भेसळ म्हणणे अन्यायाचे आहे. आतले सामानही याच रीतीने पिढ्यांमागून पिढ्यांनी भरले: सतराव्या शतकातले कोरीव व्यासपीठ आणि वेदी, साखळीने बांधलेले बायबल आणि चर्चपेक्षाही जुने मानले जाणारे दगडी बाप्तिस्मापात्र. सगळे एकाच काळाचे असते, तर हे चर्च वापरात नसलेले संग्रहालय वाटले असते.

खरा धोका आला तो नदीकडून. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात काठ ढासळू लागला, तेव्हा तो बांधून काढावा लागला. म्हणून या चर्चच्या जतनाचा विचार भिंतीपाशी थांबवून चालणार नाही. खालच्या काठाची देखभालही त्याच हिशेबात धरायला हवी.