मौजे मुकुंदवाडी : गाव की शहर?

छत्रपती संभाजीनगरातून जालना रस्त्याने चिकलठाण्याकडे निघालेल्या प्रवाशास मुकुंदवाडी कोठे लागली व कोठे संपली हे सहसा सांगता येत नाही. आणि म्हणूनच, महापालिका आली तेव्हा गाव संपले, ही समजूत सुशिक्षितांतही दृढमूल आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. 8 डिसेंबर 1982 रोजी येथील नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले, त्याच वेळी भोवतालची अठरा खेडी हद्दीत घेण्यात आली, आणि सुमारे 54.5 चौरस किलोमीटरांचे क्षेत्र 138.5 वर गेले. अशा समावेशाने विसर्जित होते ती ग्रामपंचायत. महसुली गाव मात्र जमीन महसूल अधिनियमान्वये दफ्तरात राहते. त्यामुळेच दिवाबत्ती, नळ व घरपट्टी यांसाठी महापालिकेच्या दारी जाणारा गृहस्थ खरेदीखतावर मात्र ‘मौजे मुकुंदवाडी’ असेच लिहून देतो.

हे ‘मौजे’, ‘कसबा’, ‘परगणा’ पाहून काहींना वाटते की, येथील खेडी कधीकाळी फारसीभाषक होती. फारसी ही दफ्तराची भाषा होती, चावडीवर बोलली जाई ती मराठीच. निजामाच्या राज्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली, तरी कागदावरची जुनी संज्ञा हलली नाही. आणि पेशव्यांच्या पुण्यातील कारकूनही तीच लिहीत असल्यामुळे तिचे सारे श्रेय अथवा दूषण एकट्या निजामास देणे अन्यायाचे होईल.  

तिसरा गैरसमज लोकसंख्येचा, आणि तो सर्वांत हट्टी. मुकुंदवाडीची लोकसंख्या किती, असे कोणी विचारले की कोठून तरी एक आकडा फेकला जातो. 2011 च्या जनगणनेत तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे याच शहराच्या, महापालिकेची लोकसंख्या 11,75,116 नोंदली गेली, पण तो आकडा साऱ्या शहराचा. महापालिका हद्दीतील गणना प्रभागवार होते, जुन्या शिवारानुसार नव्हे, आणि निवडणुकीसाठी प्रभागरचना बदलली की तेच नाव निराळ्या सीमांवर लागते. तेव्हा सीमा न सांगता दिलेला आकडा निरर्थक समजावा. त्यातच 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढील गणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे.

माणसे वाढली की गाव आपोआप शहर होते, हेही खरे नाही. किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला निदान चारशे माणसे आणि तीनचतुर्थांश मुख्य पुरुष कामकरी शेतीबाहेरच्या उद्योगात, या कसोट्यांवर जनगणना एखाद्या गावास नगर गणते. परंतु शासनाने अधिसूचना काढीपर्यंत तेथे सरपंचच कारभार पाहतो. उलटपक्षी महापालिका हद्दीत शेत शिल्लक असले तरी तेथे सरपंच येत नाही. कोणी ‘आमचे अजून गावच आहे’ म्हटले, की कोणत्या अर्थाने, एवढे विचारून घ्यावे.

जागा घेणाऱ्या वाचकाने तर दोन्ही दफ्तरे पाहावीत: मालकी व क्षेत्रासाठी मौजाचा सातबारा अथवा मिळकतपत्रिका, आणि कर, बांधकाम परवानगी व आरक्षणांसाठी महापालिकेची नोंद.