नगर हवेलीचा साग पायाखाली येतो तेव्हा

नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली ती एका जहाजापायी. मराठा आरमाराशी झालेल्या झटापटीत पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे लढाऊ जहाज गेले. त्याच्या भरपाईसाठी १७ डिसेंबर १७७९ च्या तहात गावांचा वसूल तोडून द्यायचे ठरले आणि १७८३ मध्ये हा परगणा त्यांच्या ताब्यात आला. सिल्व्हासा, सुरंगी, खानवेल हा सगळा सागाचा मुलूख. त्यानंतर ६० वर्षांनी, २२ ऑक्टोबर १८४३ रोजी, इथल्याच सागाची फ्रिगेट दमणच्या गोदीतून पाण्यात उतरली. तिचे नाव ‘दों फर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया’. जहाजाच्या बदल्यात मिळालेल्या रानाने जहाजच परत दिले.

पोर्तुगाल आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये शिडांवर ये-जा करणाऱ्या पोर्तुगीज आरमाराच्या जहाजांत हे शेवटचे. त्याने एक लाख सागरी मैलांहून अधिक प्रवास केला. पुढे ते तोफखान्याची शाळा झाले आणि त्यानंतर गरीब मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारी तरंगती संस्था. एप्रिल १९६३ मध्ये ते जळाले आणि जवळपास ३० वर्षे तेजो नदीच्या चिखलात पडून राहिले. तरीही दुरुस्त करण्याजोगा सांगाडा उरलाच. १९९८ च्या लिस्बन प्रदर्शनाआधी ते पुन्हा उभे राहिले. आज ते लिस्बनसमोरच्या अल्मादा गावी संग्रहालय म्हणून पाहायला मिळते.

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेले असतात. त्यातले टेक्टोक्विनोन हे द्रव्य वाळवीला मानवत नाही. मात्र घरातल्या जमिनीसाठी सागाचा खरा गुण वेगळाच आहे. ओलावा कमी-जास्त झाला तरी तो फारसा आकसत-फुगत नाही. सुक्या हवेत लाकडी जमीन घालणाऱ्याला या गुणाचीच किंमत मोजायची असते.

तोडलेले लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत राहते. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात साधारण १६ टक्के ओलावा ठरतो. आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरली की तो सहाच्या आसपास येतो. सुरंगीच्या श्रावणात वाळलेली फळी नागपूरच्या वैशाखात किंवा दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत नेली, तर तिला दहाएक टक्के पाणी सोडावे लागते. या फरकाने आडव्या कापाची १०० मिलिमीटर रुंद सागाची फळी जवळपास २ मिलिमीटर आकसते. उभ्या कापाची फळी जेमतेम १ मिलिमीटर आकसते. दुकानात ‘व्हाइट ओक’ म्हणून मिळणारे लाकूड आडव्या कापात साडेतीन मिलिमीटरपर्यंत जाते.

म्हणून फळीचे तोंड बघण्याआधी तिचे टोक बघावे. वार्षिक वलयांच्या रेषा पृष्ठभागाला उभ्या असतील तर तो उभा काप. कमानीसारख्या दिसल्या तर आडवा. उभ्या कापात लाकूड जास्त वाया जाते, म्हणून तो महाग. सुक्या हवेत मात्र तो पैसा वसूल होतो. बजेट आडव्या कापाचेच असेल तर अरुंद फळ्या घ्याव्यात. आकसण्याची एकूण मात्रा तेवढीच राहते, पण ती अनेक बारीक फटींत विभागली जाते. लागवडीतल्या कोवळ्या सागात पांढरे लाकूड जास्त असते. ते नजरेला चालले तरी टिकाऊ नसते. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया-खांबांतून कापलेला जुना साग मिळाला तर उत्तम. दशकानुदशके घरात राहून तो वाळलेला असतो. फक्त आतले खिळे काढल्याशिवाय करवतीखाली देऊ नये.

घालण्याचे काम घाईने बिघडते. गिलावा, रंग, खिडक्यांच्या काचा सगळे पूर्ण झाल्यावरच लाकूड आत आणावे. काँक्रीटच्या जाडीमागे दर इंचाला महिनाभर वाळू द्यायचे, असा ठोकताळा आहे. प्लास्टिकचा तुकडा चिकटवून दोन-तीन दिवसांनी खाली दव दिसले, तर अजून थांबायचे. फळ्या त्याच खोलीत मोकळ्या रचून ठेवाव्यात आणि मॉइश्चर मीटरने मोजाव्यात. फळ्यांखालचा थर लाकडी असेल तर तो थर आणि फळ्या यांच्या ओलाव्यात अरुंद फळ्यांसाठी चार, रुंद फळ्यांसाठी दोन टक्क्यांहून जास्त अंतर नको. भिंतीलगत १२ ते १८ मिलिमीटर जागा सोडून स्कर्टिंगने झाकावी. फळ्यांची टोके शेजारच्या ओळीत एका रेषेत येऊ देऊ नयेत.

जहाजाच्या डेकवर फळ्यांमधल्या फटी तंतू ठासून आणि डांबर ओतून भरत, कारण तिथे पाणी आत जाऊ द्यायचे नसे. घरात भिंतीलगतची जागा मोकळीच ठेवायची. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये उमटलेल्या बारीक रेषांत लांबी भरणारा कारागीर पावसाळ्यातल्या फुगवट्याची सोय करून ठेवतो. ऐन पावसात घातलेली जमीन एप्रिलमध्ये फटी दाखवते, ऐन उन्हाळ्यात घट्ट बसवलेली जुलैत उचलते. आपल्याकडे पाऊस सरल्यानंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर त्यातल्या त्यात बरे.

दुकानदार लाकडाची ‘वलसाडचे’, ‘चंद्रपूरचे’ अशी नावे घेईल. नावाने भाव ठरतो, पण जमीन किती हलेल हे काप आणि ओलावा ठरवतात. म्हणून वाहतूक परवाना पाहा, फळीचे टोक पाहा आणि मीटरचा आकडा बिलावर लिहून मागा. आकडा लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडची सगळ्यात देखणी फळीही नाकारलेली बरी.