स्थलांतरित कामगारांचा सांस्कृतिक समावेश : व्यवस्थापनापुढील एक प्रश्न

प्रस्तावना

औद्योगिक व्यवस्थापनात स्थलांतरित कामगाराचा विचार प्रामुख्याने वेतन, निवास व प्रवास यांच्या अनुषंगाने केला जातो. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, 1979 चा भरही विस्थापन भत्ता, प्रवास भत्ता, निवास व वैद्यकीय सुविधा यांवर होता. परंतु कामगार आपल्याबरोबर भाषा, आहार व सणवारही घेऊन येतो. कामाच्या नियोजनात यांची दखल घेणे म्हणजे सांस्कृतिक समावेश होय.

भाषा व सुरक्षितता

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 108 नुसार सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक होते. यातील ‘बहुसंख्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठी भाषिकांचे बहुमत असलेल्या कारखान्यातील ओडिया किंवा बंगाली कामगार या तरतुदीबाहेर राहू शकत असे. यंत्र तातडीने कसे थांबवावे हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी भाषा हा जीविताचा प्रश्न ठरतो. अशा वेळी मुकादम दुभाष्या होतो. मात्र तक्रार मुकादमाविरुद्धच असेल, तर ती व्यवस्थापनापर्यंत पोहोचत नाही.

केरळ राज्य साक्षरता मिशनने 2017 मध्ये पेरुंबावूर येथे स्थलांतरितांना मल्याळम शिकविणारा ‘चंगाती’ हा उपक्रम सुरू केला. ‘चंगाती’ म्हणजे मित्र. हा उपक्रम स्वागतार्ह असला, तरी भाषा शिकण्याचा सर्व भार कामगारावरच टाकणे योग्य नव्हे. पर्यवेक्षकानेही त्याच्या भाषेतील सुरक्षाविषयक शब्द आत्मसात करावयास हवेत.

सण व रजा

महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी साधारणतः भाऊबीजेपर्यंत असते. बिहारी कामगाराची छठपूजा त्यानंतर चार दिवसांनी, कार्तिक शुद्ध षष्ठीला येते. सर्वांना एकच सुट्टी देणे वरकरणी समान वाटते. प्रत्यक्षात मात्र त्याचा सण कामाच्या दिवशी येतो. ऐच्छिक रजा व पाळ्यांची अदलाबदल हा यावरील सोपा उपाय आहे. त्यामुळे दिवाळीत स्थानिकांना व छठला बिहारी कामगारांना घरी जाता येते आणि उत्पादनही चालू राहते.

समारोप

21 नोव्हेंबर 2025 पासून उपरोक्त दोन्ही कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे. ठेकेदाराविना स्वतःहून आलेल्या कामगारालाही तीत स्थान असून, मूळ गावी जाण्यायेण्याच्या वार्षिक प्रवासभाड्याची तरतूद आहे. परंतु भाडे मिळूनही सणाला रजा न मिळाल्यास ती तरतूद अपुरी ठरते. कायद्याने दिलेल्या हक्काला अर्थ प्राप्त करून देणे हे व्यवस्थापनाचे कार्य आहे.