पोटगी

विवाहसंबंध संपुष्टात आल्यानंतर, निर्वाहाचे पुरेसे साधन नसलेल्या पती वा पत्नीस दुसऱ्याने द्यावयाची व न्यायालयाने निश्चित केलेली रक्कम. ती एकरकमी किंवा नियतकालिक असते. दावा चालू असताना मिळणारा वादकालीन निर्वाहखर्च याहून निराळा असून तो दाव्याच्या निकालाबरोबर संपतो.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २५ अन्वये कायम पोटगीची मागणी पत्नीप्रमाणे पतीसही करता येते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली मात्र हा हक्क पत्नीपुरताच आहे. रक्कम ठरविताना उभयतांचे उत्पन्न, मालमत्ता व वर्तन विचारात घेतात. पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास आदेश बदलता वा रद्द करता येतो.

दिवाणी मार्ग लांबचा व खर्चाचा; त्यामुळे सामान्य स्त्रीची भिस्त दंडाधिकाऱ्यासमोरील संक्षिप्त चौकशीवरच राहिली. फौजदारी प्रक्रिया संहिता, १८९८ च्या कलम ४८८ मध्ये तशी सोय होती. पण ती ‘पत्नी’साठी, आणि घटस्फोटिता ही पत्नी नव्हे. परिणामी घटस्फोट देऊन पतीस पोटगीतून सुटता येई. १९७३ च्या संहितेने ही पळवाट बुजविली. तिच्या कलम १२५ मधील ‘पत्नी’ या संज्ञेत पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचा अंतर्भाव करण्यात आला. १९५५ साली ठरलेली दरमहा ५०० रु. ही कमाल मर्यादा मात्र तशीच राहिली. काही राज्यांनी ती वाढविली. तथापि ती सर्वत्र रद्द होण्यास २००१ साल उजाडले. दरम्यानच्या महागाईचा विचार करता पुष्कळ आदेश नाममात्रच ठरले असणार.

शाहबानो खटला या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९३२ साली विवाह झालेल्या या इंदूरच्या स्त्रीस १९७५ मध्ये पतीने घराबाहेर काढले व तिचा पोटगीचा अर्ज प्रलंबित असताना, १९७८ मध्ये, तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने तिला दरमहा २५ रु. मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते १७९·२० रु. केले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी हा आदेश कायम केला. त्यानंतरच्या १९८६ च्या अधिनियमामुळे मुस्लिम पतीचे दायित्व इद्दतीपुरतेच उरले, असा समज झाला. परंतु पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतीच्या मुदतीतच केली पाहिजे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लावला. तिला कलम १२५ चा मार्गही खुला असल्याचे १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले. या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

वसुली ही या हक्काची दुबळी बाजू होय. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत तीसाठी अर्ज करावा लागतो. थकबाकीदारास महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. तो भोगल्याने थकबाकी फिटत नाही. पती उत्पन्न दडवितो आणि पत्नीजवळ पुरावा नसतो, ही नित्याची अडचण आहे. त्यामुळे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उभयतांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी, असे ठरविले.