कॉलेज चालू असताना उमेदवारी

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. त्याच दिवसांत बी. एस्सी.ची एकदोन मुले हातात कारखान्याचे पत्र घेऊन आमच्याकडे येतात. प्रयोगशाळेत चार महिने इंटर्नशिप, रोज एक पाळी, दरमहा थोडे विद्यावेतन. “सर, घेऊ का?” एवढाच त्यांचा प्रश्न असतो. इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच आहे. आपले वाडवडील तिला उमेदवारी म्हणत.

तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय? सुट्टीत काम करावे, म्हणजे झाले. पण ग्यानबाची मेख इथेच आहे. मे महिन्यात कारखान्यात गेलात तर बहुतेक ठिकाणी गाळप आटोपलेले असते, यंत्रे दुरुस्तीसाठी खोललेली असतात आणि तपासायला रसच नसतो. ज्या महिन्यांत शिकण्यासारखे घडते, त्याच महिन्यांत कॉलेजचे तास, प्रात्यक्षिके आणि परीक्षा!

आणि शिकण्यासारखे असते हे खरे. मी अर्थशास्त्राचा माणूस; पण रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावले ते सांगतो. रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण म्हणजे ब्रिक्स. त्यातली साखर किती, हे पोलारिमीटरने मोजतात. त्याला पोल म्हणतात. ब्रिक्स १८ आणि पोल १५ आला, तर रसाची शुद्धता साधारण ८३ टक्के. कॉलेजात असा प्रयोग एकदोनदा होतो आणि वहीत उतरतो. कारखान्यात नमुने पाळीभर येतच राहतात. हात बसतो, नजर बसते. शिवाय उसाचा सरकारी दर साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. म्हणजे बापाच्या बिलाचा आकडा कसा तयार होतो, ते पोराला इथे कळते. तेव्हा असे पत्र आले की सरळ ‘नको’ म्हणून टाकू नये.

पण ‘हो’ म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोज ७ धरले तर ४९ गेले, उरले ११९. रोज आठ तासांची पाळी, आठवड्याला सहा, म्हणजे ४८. कॉलेज सुमारे ३०. एस. टी.ची वाट पाहणे आणि प्रवास १२. जेवणखाण, आंघोळ, घरची बारीकसारीक कामे यांना रोज तीन तास, म्हणजे २१. आता राहिले किती? आठ! त्या आठ तासांत आठवड्याचा सारा अभ्यास. त्यात रात्रपाळी आली तर मुलगा वर्गात बसेल, पण डोळे उघडे असतील याची खात्री नाही. प्रत्यक्षात होते असे की मुले कॉलेजच बुडवतात. मग ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते आणि चुकलेले प्रात्यक्षिक कोणी पुन्हा घेत नाही. चार महिन्यांच्या विद्यावेतनासाठी वर्ष गेले, तर तो सौदा तोट्याचाच.

मग मधली वाट नाही का? आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर उमेदवारीला पदवीच्या अभ्यासक्रमातच जागा मिळाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने उमेदवारीचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटांना १२० तास लागतात, म्हणजे आठ तासांच्या पंधरा पाळ्या. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर रविवारी एक दिवसपाळी केली तरी त्या भरतात. दिवाळीच्या सुट्टीत गाळप सुरू झालेले असेल तर काही पाळ्या तिथेही उरकतात. चार महिने रोज राबण्याची गरजच पडत नाही. मात्र ही मांडणी मुलाने एकट्याने करायची नसते. त्याच्या शिक्षकाने कारखान्याच्या चीफ केमिस्टला पत्र लिहून दिवस आणि तास ठरवून घ्यावेत, आणि हे तास क्रेडिटांत धरले जातील असे कॉलेजकडून आधीच लिहून घ्यावे. शिक्षक मित्रहो, हे काम आपले आहे.

सरकारी योजनांविषयी एक घोटाळा गावोगावी दिसतो. २०२४ साली केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. राज्याच्या योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये जाहीर झाले, आणि ते ऐकून शिकत्या मुलांचेही डोळे तिकडे लागले. पण पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्याला दोन्ही योजनांच्या मूळ नियमांत जागा नव्हती. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी चालू नियम वाचावेत. पण विद्यावेतनासाठी कॉलेज सोडून देण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो ऐकू नये.

घरी पैशाची खरोखरच निकड असेल, तर गोष्ट वेगळी. अशा मुलाला उपदेशाने भागत नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला आणि पुढे विद्यापीठांनीही तो उचलला. तिथे काम कॉलेजच्या तासांभोवती बेतलेले असते. पैसे थोडे, पण अभ्यासाला धक्का कमी. आधी ती चौकशी करावी.

पत्र स्वीकारायचे ठरलेच, तर पालकांनी मुलासोबत एकदा कारखान्यात जाऊन यावे. काम शिकवणार कोण? पोलारिमीटर हाताळायला मिळणार, की नुसत्या बाटल्या धुवायच्या नि चहा आणायचा? (बाटल्या धुण्यातही शिक्षण आहे, पण पहिल्या दोन दिवसांचे.) परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मिळेल का? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? उत्तरे कागदावर घ्यावीत. आणि उमेदवारी देतो म्हणून कोणी अनामत मागितली, तर तिथून उठावे. हे सारे बोलणे सप्टेंबरातच व्हायला हवे. एकदा उसाच्या गाड्यांची रांग लागली, की चीफ केमिस्टला तुमच्याशी दोन शब्द बोलायलाही सवड नसते.