कुरुदचा प्लॉट, भंडाऱ्याची शेती आणि एक मृत्युपत्र

छत्तीसगडात कुरुद दोन आहेत. एक धमतरी जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, दुसरं दुर्ग जिल्ह्यातलं, भिलाई शहरात सामावलेलं. मृत्युपत्रात नुसतंच ‘कुरुद येथील प्लॉट’ लिहून ठेवलं, की वारसांना चपला झिजवणं आलंच. जिल्हा, तहसील, पटवारी हलका, खसरा क्रमांक, रजिस्ट्रीची तारीख आणि चतुःसीमा, सगळं लिहावं. भंडाऱ्याकडची शेती असेल तर तीही याच कागदावर गट क्रमांकासह येते. दोन राज्यांसाठी दोन मृत्युपत्रं लागत नाहीत. वडिलोपार्जित जमिनीत मात्र स्वतःच्या हिश्श्याचीच विल्हेवाट लावता येते.

1955 च्या सोव्हिएत करारानंतर भिलाईत पोलाद कारखाना उभा राहिला आणि विदर्भातली मराठी माणसं नोकरीसाठी इकडे आली. निवृत्तीनंतर ज्यांनी इथेच घर बांधलं, त्यांची मुलं आता पुण्यात नाहीतर अमेरिकेत. मग वडील मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करतात आणि निर्धास्त होतात. खरी गल्लत इथेच होते. करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्याराचा अधिकार साधारणतः त्याच दिवशी संपतो. इतकंच काय, देणाऱ्याचं मानसिक भान गेलं तरी संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशात, जेव्हा त्याची खरी गरज पडते, तेव्हाच ते हाताशी नसतं. मुखत्यारपत्रावर प्लॉट ‘विकत’ घेतलेल्यांनीही सावध व्हावं. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ‘सूरज लॅम्प’ खटल्यात 2011 मध्येच बजावलं आहे.

दुसरा भाबडा विश्वास नॉमिनीवर. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांनी जून 2011 मध्ये मृत्युपत्र केलं, ऑगस्ट 2013 मध्ये ते गेले. म्युच्युअल फंडांत चार कोटींहून अधिक रक्कम होती आणि नॉमिनीही नेमलेले होते. मग पैसे नॉमिनीचे की वारसांचे? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: शेअर वा फंडाचा नॉमिनी केवळ रक्कम ताब्यात घेणारा, मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरणार. घराघरात तिथी-वार पोचवणाऱ्या माणसाच्या घरातला हा प्रश्न सुटायला दहा वर्षं लागली.

मृत्युपत्रच नसेल तर? हिंदू पुरुषामागे पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा. ‘सगळं आपोआप बायकोचं होतं’ हे खरं नाही.

शेवटच्या घटकेपर्यंत थांबण्याचा परिणाम पुण्याने पाहिला आहे. सरदार बाबा महाराज पंडित यांनी 7 ऑगस्ट 1897 रोजी मृत्युपत्र केलं आणि त्याच दिवशी त्यांनी प्राण सोडला. लोकमान्य टिळक विश्वस्तांपैकी एक. त्यांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांच्या दत्तकावरून पेटलेलं ‘ताई महाराज प्रकरण’ लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात 1915 मध्ये मिटलं. टिळकांवर मधल्या काळात फौजदारी खटलाही चालला.

ट्रस्ट सगळ्यांना लागत नाही, आणि तो करून देणारे त्याची जरा जास्तच भलामण करतात. पण दिव्यांग मूल असेल, आणि आपल्यामागे त्याच्या खर्चाचा हिशेब कुणीतरी चोख ठेवायला हवा असेल, तर खासगी ट्रस्टला तोड नाही. त्यात स्थावर मालमत्ता घालायची तर नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र हवं.

मृत्युपत्राला मात्र कोरा कागदही चालतो. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक. दोन साक्षीदार लागतात, ते आपल्याहून तरुण आणि वाटणीत नाव नसलेले निवडावेत. वय झालं असेल तर डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा. भिलाईच्या टाउनशिपमधलं लीजचं घर असल्यास आधी लीजच्या अटी वाचाव्यात. आणि मूळ प्रत फक्त तुमच्याच नावावर असलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका; ती कुठे आहे हे या दिवाळीतच घरात एकाला तरी सांगून ठेवा.